गढूळ पाण्यातली शिरगणती

गंगेतला डॉल्फिन श्वास घ्यायला पाण्यावर येतो तो जेमतेम सेकंदभर. लांब चोच, कपाळाचा उंचवटा आणि पाठीचा थोडासा भाग दिसतो, हवा सोडल्याचा फुस्स असा आवाज होतो आणि प्राणी पुन्हा खाली जातो. पुढचा श्वास एक-दोन मिनिटांनी, कधी त्याहूनही उशिरा. तेवढ्या वेळात तो कोणीकडे वळला आणि किती दूर गेला, हे नावेतल्या माणसाला कळत नाही. समुद्री डॉल्फिनसारखे त्याचे मोठे कळप नसतात आणि पाठीवर दुरून ओळखू येईल असा उंच परही नसतो. पाण्यात गाळ इतका असतो की हातभर खोलीवरचेही दिसत नाही. बिहार-उत्तर प्रदेशातले मल्लाह ज्याला सोंस म्हणतात, तो हा प्राणी २००९ साली भारताचा राष्ट्रीय जलचर ठरला. मात्र देशात असे किती सोंस आहेत, या प्रश्नाला पद्धतशीर मोजणीवर आधारलेले उत्तर मिळायला २०२५ साल उजाडावे लागले.

जंगलातल्या प्राण्यांच्या गणनेबद्दल वाचकांना थोडीफार कल्पना असते. वाघाच्या अंगावरचे पट्टे, स्वयंचलित कॅमेरे, पाणवठ्यावरची मचाणे ही त्यातली ओळखीची साधने. नद्या, तलाव आणि पाणथळी यांतल्या प्राण्यांच्या मोजणीची चर्चा त्या मानाने फारच कमी होते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग गोड्या पाण्याने व्यापलेला नाही, तरी माशांच्या ज्ञात जातींपैकी जवळपास निम्म्या तिथे राहतात. जानेवारी २०२५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मासे, चतुर-टाचण्या आणि खेकडे-झिंगे अशा गोड्या पाण्यातल्या २३,४९६ जाती त्यात तपासल्या होत्या. त्यांतल्या सुमारे २४ टक्के जाती नष्ट होण्याच्या धोक्यात असल्याचे आढळले.

आणखी एक आकडा वर्तमानपत्रांत नेहमी दिसतो आणि बहुतेक वेळा चुकीचा वाचला जातो. डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या २०२४च्या अहवालानुसार १९७० ते २०२० या काळात गोड्या पाण्यातल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या संख्येत सरासरी ८५ टक्के घट झाली. याचा अर्थ ८५ टक्के प्राणी मेले असा नाही. ज्या समूहांची वर्षानुवर्षे मोजणी होत आली, त्या प्रत्येकातल्या घटीची किंवा वाढीची ती सरासरी आहे. मोजणीच्या अशा दीर्घ नोंदी युरोप आणि उत्तर अमेरिकेत भरपूर आहेत, उष्ण कटिबंधातल्या नद्यांमध्ये तुरळक. ज्या नद्यांकाठी माणसांची आणि प्राण्यांची सर्वांत दाट वस्ती, तिथलीच माहिती सर्वांत अपुरी आहे. गंगेतल्या मोजणीचे मोल त्यामुळेच मोठे.

सोंसाच्या अधिवासाचा पहिला सविस्तर आढावा कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक जॉन अँडरसन यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस मांडला. हा प्राणी समुद्राच्या मुखापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत, जिथे पोहण्याइतके पाणी आहे तिथे सर्वत्र आढळतो, असे त्यांचे वर्णन होते. यमुनेत तो थेट दिल्लीपर्यंत जात असे. आज यमुनेतले डॉल्फिन मुख्यतः चंबळ येऊन मिळते तिथून खाली दिसतात. अँडरसन यांनी संख्या दिली नाही. पुढे १९८०च्या दशकात चार-पाच हजार असा एक अदमास मांडला गेला. त्यानंतर नद्यांच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर झालेल्या पाहण्यांची बेरीज करून साडेतीन हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला जाऊ लागला. या पाहण्या निरनिराळ्या वर्षांत, निरनिराळ्या ऋतूंत आणि निरनिराळ्या पद्धतींनी झालेल्या होत्या.

१५ ऑगस्ट २०२० रोजी केंद्र सरकारच्या ‘प्रोजेक्ट डॉल्फिन’ या संवर्धन योजनेची घोषणा झाली. त्याअंतर्गत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने राज्यांच्या वनखात्यांच्या मदतीने २०२१ ते २०२३ या काळात आठ राज्यांतल्या २८ नद्या नावेने पालथ्या घातल्या. एकूण अंतर ८,५०७ किलोमीटर भरले. मार्च २०२५मध्ये जाहीर झालेला अंदाज होता ६,३२७ डॉल्फिन. त्यांतले ३,२७५ गंगेच्या मुख्य पात्रात, २,४१४ तिच्या उपनद्यांत, ५८४ ब्रह्मपुत्रेत आणि ५१ ब्रह्मपुत्रेच्या उपनद्यांत होते. उरलेले तीन पंजाबात बियास नदीतले. ते सिंधू नदीतल्या जातीचे असून भारतात ती जात फक्त तिथेच उरली आहे. राज्यवार पाहिल्यास उत्तर प्रदेशात २,३९७ आणि बिहारमध्ये २,२२०, म्हणजे या दोन राज्यांतच जवळजवळ तीन चतुर्थांश डॉल्फिन आहेत.

साडेतीन हजारांवरून सव्वासहा हजार, म्हणजे संख्या दुपटीच्या जवळ गेली, असा निष्कर्ष कोणी काढला तर ती घोडचूक ठरेल. डॉल्फिनची मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते. अशा प्राण्याची संख्या थोडक्या वर्षांत दुप्पट होत नसते. बदलली ती मोजणी. पूर्वी ज्या नद्यांकडे कोणी फिरकले नव्हते त्याही या वेळी पाहिल्या गेल्या. शिवाय डोळ्यांना न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेब पहिल्यांदाच सर्वत्र एका रीतीने मांडला गेला. नदीतल्या गणनेचे सगळे कसब या दुसऱ्या गोष्टीत आहे.

मोजणी उन्हाळ्यात किंवा हिवाळ्यात, पाणी ओसरल्यावर करतात. पावसाळ्यात नदी मैलोन्‌मैल पसरते आणि डॉल्फिन उपनद्यांत, पूरमैदानांत विखुरतात. कोरड्या महिन्यांत ते डोहांत, दोन नद्यांच्या संगमांवर आणि वळणापाशी पाणी उलटे फिरते अशा जागी एकवटतात, कारण मासळीही तिथेच गोळा होते. नाव ताशी आठ-दहा किलोमीटरच्या वेगाने चालवतात. वेग फार कमी ठेवला तर पोहत पुढे गेलेला डॉल्फिन दुसऱ्यांदा मोजला जातो, फार वाढवला तर श्वासाला येण्याआधीच नाव त्याच्यावरून पुढे गेलेली असते. निरीक्षक डावी, उजवी आणि समोरची बाजू वाटून घेतात. प्रत्येक दर्शनाची वेळ, जीपीएसवरचे ठिकाण, अंतर, कोन, सोबत पिल्लू आहे का, पाण्याची खोली आणि पात्राची रुंदी टिपली जाते. डोळे थकले की नजर चुकते, म्हणून माणसे ठरावीक वेळाने जागा बदलतात. पात्र रुंद असेल तर एका नावेला दोन्ही काठ दिसत नाहीत. अशा ठिकाणी नावा समांतर चालवाव्या लागतात.

एवढे करूनही काही प्राणी सुटतात, आणि ते दोन कारणांनी सुटतात. काही डॉल्फिन वर येतात पण निरीक्षकाची नजर तेव्हा दुसरीकडे असते, किंवा लाटेवरच्या चकाकीत ते लपून जातात. दुसरे, नाव जवळून जाईपर्यंत पाण्याखालीच राहिलेले. पहिल्या प्रकारची चूक शोधण्यासाठी दोन स्वतंत्र तुकड्या नेमतात. एक तुकडी पुढे, दुसरी तिच्या मागे. दोघींमध्ये बोलणे नाही, खाणाखुणाही नाहीत. दिवसअखेर वेळ, ठिकाण आणि गटातली संख्या ताडून पाहतात आणि दोन्ही तुकड्यांना दिसलेले प्राणी कोणते ते ठरवतात. समजा, एका टप्प्यात पहिल्या तुकडीला २० दिसले, दुसरीला १८, आणि दोघींच्या नोंदींत समान निघाले १५. दुसऱ्या तुकडीच्या १८पैकी १५ पहिलीने पाहिले होते, म्हणजे पहिलीला सहापैकी पाच प्राणी दिसतात. मग तिचे २० हे एकूण २४ असणार. प्रत्यक्षात दोघींनी मिळून २३ वेगवेगळे डॉल्फिन पाहिले. एक असा आहे जो कोणालाच दिसला नाही, तरीही तो हिशेबात आला.

प्राण्यांच्या मोजणीत हे गणित आले ते मत्स्यविज्ञानातून. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९०च्या दशकात खुणा केलेले मासे पाण्यात सोडून, पुन्हा पकडीत किती येतात यावरून असा विचार मांडला. १९३०मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी पायांत कडी घातलेल्या बदकांसाठी तोच हिशेब वापरला. आज जगभरच्या वन्यजीव गणनेत त्याची सुधारित रूपे वापरात आहेत. मात्र त्याला एक अट आहे. दोन्ही तुकड्यांची संधी खरोखर स्वतंत्र हवी. पुढच्या नावेतल्या एखाद्याने उत्साहाने ‘तो बघा’ म्हणून बोट दाखवले आणि मागच्यांनी ते पाहिले, तर समान नोंदी फुगतात आणि एकूण अंदाज खाली येतो. शिस्त नसलेली गणना बहुधा अशीच बिघडते, आणि कागदावर तिचा मागमूस राहत नाही.

पाण्याखाली राहिलेल्या डॉल्फिनसाठी कान लागतात. सोंस जवळजवळ आंधळा असतो, त्याच्या डोळ्यांत भिंगच नसते. गढूळ पाण्यात तो आवाज सोडून आणि प्रतिध्वनी ऐकून मासे शोधतो आणि वाट काढतो. त्याचे टिकटिक आवाज जवळपास अखंड चालू असतात. त्यांचा मुख्य जोर साठ हजार हर्ट्‌झच्या आसपास असतो, तर माणसाचा कान वीस हजारांपलीकडचे ऐकत नाही. हायड्रोफोन म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन नावेमागे ओढत नेला की हे आवाज टिपता येतात. दोन हायड्रोफोन थोड्या अंतरावर बांधले तर आवाज एकाकडे आधी आणि दुसऱ्याकडे नंतर पोहोचतो. त्या सूक्ष्म फरकावरून प्राणी कोणत्या दिशेला आहे आणि शेजारी दुसराही आहे का, हे उलगडते. नजरेची आणि कानाची नोंद एकमेकींशी जोडून पाहिली की किती प्राणी वर न येता निसटले याचा अंदाज मिळतो. डोहात यंत्र बांधून ठेवले तर रात्रीच्या, धुक्याच्या आणि कोणीही नदीवर नसतानाच्या हालचालीही कळतात.

याच यंत्रांनी एक नवी चिंता पुढे आणली. हल्दियापासून प्रयागराजपर्यंतची गंगा १९८६पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक एक आहे. बिहारमधल्या गंगेच्या टप्प्यात झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, की उथळ पाण्यात मोठ्या यांत्रिक नौकांचा गोंगाट वाढला की डॉल्फिनचे आवाज बदलतात आणि त्यांच्यावर शारीरिक ताण येतो. तिथेच, सुलतानगंज ते कहलगाव या पट्ट्यात, १९९१ साली जाहीर झालेले विक्रमशिला डॉल्फिन अभयारण्य आहे. भागलपूरचे संशोधक आणि स्थानिक मच्छीमार यांनी त्या पट्ट्यात वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींमुळेच गोंगाटाआधीची स्थिती काय होती, हे सांगता आले.

निरीक्षणाच्या यशाचे एक चांगले उदाहरण शेजारच्या पाकिस्तानातले आहे. सिंधू नदीच्या गुड्डू आणि सक्कर या दोन बंधाऱ्यांमधल्या टप्प्यात १९७४ साली सुमारे दीडशे डॉल्फिन मोजले गेले होते. शिकारीवर बंदी आली, तो टप्पा संरक्षित झाला आणि २००१च्या पाहणीत तिथे ६०२ दिसले. टप्पा तोच असल्यामुळे ही वाढ विश्वासाने मांडता येते. तीतही वरच्या भागातून बंधारा ओलांडून खाली आलेल्या डॉल्फिनांचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच, कारण पूर आला की दरवाजे उघडतात आणि प्राणी खाली येतात, पण परत वर जाणे त्यांना अवघड असते. गंगेवरही असेच तुकडे पडले आहेत. बिजनौर आणि नरौरा यांच्यामधले डॉल्फिन खालच्या समूहापासून तुटलेले आहेत, आणि १९७५मध्ये पूर्ण झालेला फरक्का बॅरेज गंगेचा खालचा भाग वेगळा करतो. म्हणून देशाचा एकच आकडा पाहून निश्चिंत होणे धोक्याचे आहे. एकूण संख्या स्थिर असतानाही एखादा तुटलेला समूह मुकाट्याने संपू शकतो.

चीनमध्ये यांगत्से नदीत याहून वाईट घडले. बायजी हा तिथला डॉल्फिन शोधण्यासाठी २००६च्या अखेरीस सहा आठवडे आंतरराष्ट्रीय पथक नदीवर होते. यीछांगपासून शांघायपर्यंतचा प्रवाह दोन नावांनी स्वतंत्रपणे, जाता-येता पाहिला. एकही बायजी दिसला नाही. ‘दिसला नाही’ आणि ‘उरला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी सांगण्यासाठी पुरावा लागतो. तो त्याच नदीतल्या पर नसलेल्या पॉर्पॉइज या लहान प्राण्याने दिला. दोन्ही नावांतून त्याची मोजणी जवळजवळ सारखी आली, म्हणजे नजर चुकण्याचे प्रमाण फार नव्हते. बायजी असता तर तोही दिसला असता. २००७मध्ये तो बहुधा नामशेष झाल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. पॉर्पॉइजची मोजणी पुढे चालू राहिली. २०१२मध्ये सुमारे १,०४०, २०१७मध्ये १,०१२ आणि २०२२मध्ये १,२४९. मधल्या काळात, २०२१पासून, यांगत्सेत दहा वर्षांची मासेमारीबंदी लागू झाली होती. नदीतल्या प्राण्याची घसरण थांबलेली आकड्यांनी दाखवता येते, याचे हे दुर्मीळ उदाहरण.

प्रत्येक प्राण्यासाठी पद्धत निराळी लागते. चंबळमधला घडियाल, म्हणजे लांब नाकाडाची सुसर, हिवाळ्यात वाळूच्या काठावर ऊन खायला बाहेर येतो. तेव्हा त्याची गणना होते, पण पाण्यात राहिलेले घडियाल तीत येत नाहीत आणि थंडी कमी-जास्त झाली की आकडाही हलतो. घरट्यांची मोजणी त्यापेक्षा भरवशाची, कारण प्रत्येक प्रजननक्षम मादी वर्षातून एकदाच वाळूत अंडी घालते. घरटी मोजली की अशा माद्या किती, हे कळते. २००७-०८च्या हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून अधिक घडियाल मेले. तेव्हा आधीच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणूनच या हानीचे गांभीर्य ओळखता आले. पाणमांजर तर प्रत्यक्ष क्वचितच दिसते. खडकांवर आणि वाळूवर ठरावीक जागी टाकलेली विष्ठा, पावलांचे ठसे आणि कॅमेरे यांवरूनच त्याचा माग काढावा लागतो. बेडकांसाठी पावसाळी रात्रीच्या आवाजांचे ध्वनिमुद्रण सोयीचे ठरते.

गेल्या दीड-दोन दशकांत या पद्धतींत पाण्यातल्या डीएनएची भर पडली आहे. त्वचेच्या पेशी, श्लेष्मा, विष्ठा यांतून प्रत्येक प्राणी आपला अंश पाण्यात सोडत असतो. लिटर-दोन लिटर पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून जाती ओळखता येतात. २००८मध्ये फ्रान्समधल्या तळ्यांत बाहेरून आलेला अमेरिकी बेडूक असा शोधला गेला, तेव्हापासून ही पद्धत झपाट्याने पसरली. जात आहे की नाही, हे ती स्वस्तात सांगते. संख्या सांगणे तिला अजून नीट जमत नाही. वाहत्या नदीत हा डीएनए किलोमीटर-किलोमीटर खाली जातो, त्यामुळे प्राणी नेमका कुठे आहे हेही संदिग्ध राहते.

महाराष्ट्रात पाणवठ्यांवरची सर्वांत नियमित मोजणी पक्ष्यांची होते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते आणि भारतात तिच्या आयोजनात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा (बीएनएचएस) मोठा सहभाग असतो. राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, असलेले नांदूर मध्यमेश्वर, उजनी आणि जायकवाडी हे जलाशय हिवाळी पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. ही गणना मुख्यतः हौशी निरीक्षकांच्या बळावर चालते आणि त्यांच्या चिकाटीला तोड नाही. धरणाच्या जलाशयात मात्र एक गोष्ट पक्ष्यांइतकीच काळजीने लिहून ठेवायला हवी, ती म्हणजे त्या दिवशीची पाणीपातळी. पाऊसमान चांगले असेल त्या वर्षी जानेवारीतही जलाशय भरलेला असतो, चिखलाचे किनारे बुडलेले असतात आणि चिखलात चोच खुपसून खाणारे पक्षी दुसरीकडे जातात. पातळीची नोंद नसेल तर पुढच्या अभ्यासकाला ही पक्ष्यांची घट वाटेल.

गंगा आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत सोंसाबाबतचे पुढचे काम दोन दिशांनी सुरू आहे. डिसेंबर २०२४मध्ये आसामात एका निरोगी नर सोंसाला उपग्रहाशी जोडलेला हलका टॅग लावला गेला. या जातीबाबत असे प्रथमच घडले. प्राणी वर आला की टॅग संदेश पाठवतो. एक डॉल्फिन वर्षभरात नदीचा किती भाग वापरतो, ऋतूंप्रमाणे कुठे जातो, हे यातून कळू लागेल, आणि गणनेच्या वेळी तो एकाच टप्प्यात दोनदा मोजला जाण्याची शक्यता किती, हेही.

दुसरी दिशा मृत्यूंच्या नोंदीची. पाण्यात उभ्या सोडलेल्या बारीक नायलॉनच्या जाळ्यांत डॉल्फिन अडकतात, श्वासाला वर येऊ शकत नाहीत आणि बुडून मरतात. काही ठिकाणी त्यांच्या तेलाचा माशांना भुलवायला चोरून वापर होत आला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हा प्राणी असल्यामुळे जाळ्यात मेलेला डॉल्फिन सापडला की मच्छीमार घाबरतो आणि तो पाण्यात सोडून देतो. मग त्याची नोंदही त्याच्याबरोबर वाहून जाते. ज्या गावांत संशोधकांनी मच्छीमारांचा विश्वास कमावला, तिथूनच मृत प्राण्यांची खबर येते. अशा प्राण्याच्या दातांतले थर मोजून वय काढता येते, मादी असेल तर ती गाभण होती का हे पाहता येते आणि जाळ्याचा प्रकार लिहिता येतो. जिवंत डॉल्फिनांचा अंदाज आणि दरवर्षी मरणाऱ्यांची संख्या शेजारी ठेवली, तरच एखाद्या टप्प्यातली जन्मांची भरपाई पुरेशी आहे की नाही, आणि कोणती जाळी कोणत्या महिन्यात थांबवायला हवीत, हे ठरवता येते.